चाक एकटं नसतं

एक गोष्ट आधीच कबूल करते. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले तीन तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाईड. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी मला कॅन्टीनमध्ये गाठून लेख मागितला तेव्हा मला हसूच आलं. एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिही म्हणाले. विश्वेश्वरय्या, जमशेटजी टाटा, कलामसर या सगळ्यांवर दरवर्षी लेख येतात, आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे लिहितात. मी म्हटलं, मी एका चाकावर लिहीन, आणि चाकाच्या निमित्ताने माणसावर. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या आईने तपासलंय. बाकीच्या चुका माझ्या.

तो माणूस म्हणजे एटोरे बुगाटी. आपल्या होस्टेलच्या निम्म्या खोल्यांत त्याच्या नावाच्या गाडीचं पोस्टर आहे. पण पोस्टरवरची ती गाडी त्याची नाही. तो १९४७ मध्येच गेला. त्याच्या कारखान्याने १९५० च्या दशकात मोटारी बनवणं बंद केलं आणि १९६३ मध्ये कारखाना विकला गेला. हे नाव फोक्सवॅगनने १९९८ मध्ये विकत घेतलं, त्यानंतर त्या पोस्टरवाल्या गाड्या आल्या. मला सांगायचंय ते खऱ्या बुगाटीबद्दल, आणि तो मला कसा भेटला त्याबद्दल.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. आजोबांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी वाईच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. आजोबा गेले आणि तिच्यावर ताडपत्री पडली. मामाने ती पुन्हा चालू करायची ठरवली आणि भाची मेकॅनिकलला आहे म्हणून मला हाताशी घेतलं. साताऱ्याच्या एका मिस्त्रीकाकांनी इंजिन उघडून नवं केलं. पत्रा ठोकून सरळ झाला, रंग तोच जुना सायीसारखा पांढरा. सगळं जुन्यासारखं झालं, आणि मग आम्हा दोघांना मोह झाला मॅग व्हील्सचा. म्हणजे अॅलॉयची चाकं. पुण्यात जुन्या मालाच्या बाजारातून चार चाकं आणली. दुकानदाराने एक चाक ड्रमवर धरून दाखवलं, भोकं जुळली, पैसे दिले. घरी आल्यावर मी ती घासली, धुतली आणि स्प्रेने मस्त चकचकीत काळी केली. पुढून, मागून, सगळीकडून. नट जुनेच वापरले आणि मीच पान्याने आवळले. मामाने एकदा विचारलं, नीट आवळलेस ना? मी म्हटलं, हो.

त्यानंतर आठवड्याने आम्ही आजीला घेऊन पुण्याहून वाईला निघालो. खंबाटकीचा घाट चढताना स्टिअरिंग थरथरायला लागलं. पुढच्या डाव्या बाजूने खट् खट् असा आवाज येत होता. मामाने गाडी कडेला घेतली. मी उतरून बघितलं तर त्या चाकाचा एक नट गायब होता आणि बाकीचे बोटाने फिरत होते. शेजारून ट्रक घरघरत चढत होते. आजी मागच्या सीटवर आंब्याची पेटी धरून बसली होती आणि गाडी गरम झाली का असं विचारत होती. मी तिला हो म्हणून सांगितलं. माझं ते दुसरं खोटं हो.

आम्ही नट आवळून हळूहळू घरी पोचलो. कुणाला काही झालं नाही. मामा मला एक शब्दही बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. कॉलेज सुरू झाल्यावर मी लायब्ररीत अॅल्युमिनियमच्या चाकांवर काही मिळतं का ते शोधत बसले, आणि एका जुन्या मोटारींच्या पुस्तकात मला आठ चपट्या आऱ्यांचं एक चाक दिसलं. १९२४ सालचं. त्या चाकाच्या मागे लागून मी त्याच्या मालकापर्यंत पोचले.

एटोरेचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ चा, इटलीतल्या मिलानचा. वडील कार्लो बुगाटी त्या काळातले नावाजलेले फर्निचर डिझायनर होते. धाकटा भाऊ रेम्ब्रांट पुढे प्राण्यांची शिल्पं करणारा मोठा शिल्पकार झाला. म्हणजे घरात सगळे कलाकार, आणि हा एकटा ग्रीसमध्ये हात घालणारा. इंजिनिअरिंगची डिग्री त्याच्याकडे नव्हती. सतरा-अठराव्या वर्षी तो प्रिनेत्ती आणि स्तुक्की नावाच्या सायकली बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करायला लागला. तिथे त्याने तीनचाकी सायकलला इंजिनं बसवली आणि तिच्यावर शर्यतीही केल्या. मग गुलिनेल्ली नावाच्या सरदारांच्या पैशाने एक आख्खी चारचाकी मोटार बनवली. १९०१ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी मी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक ठोकळा चौकोनी घासत होते, आणि तोही शेवटपर्यंत चौकोनी झाला नाही.

ती मोटार बघून अल्सासमधल्या द दित्रिश कंपनीने त्याला बोलावलं. अल्सास हा प्रांत आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मनीत होता. १९०२ मध्ये करार झाला, पण एटोरे कायद्याने सज्ञान नव्हता, त्यामुळे सही वडिलांनी केली. मला हे वाचून फार मजा वाटली. मोटारीचं डिझाइन करायला वय आडवं येत नाही, कागदावर सही करायला येतं. आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटच्या फॉर्मवर अजूनही पालकांची सही लागते ते आठवलं.

पुढची काही वर्षं तो या कंपनीतून त्या कंपनीत फिरला. द दित्रिश झाली, मग स्ट्रासबुर्गमध्ये मॅथिसबरोबर काम केलं, मग १९०७ पासून कोलोनच्या डॉइट्झमध्ये. सगळीकडे मोठ्या, जड मोटारी. नोकरी सांभाळून त्याने कोलोनच्या घराच्या तळघरात स्वतःसाठी एक हलकी छोटी मोटार बांधली. त्या काळात ताकद हवी तर मोठं इंजिन आणि जाडजूड सांगाडा हा सरळ हिशोब होता. बुगाटीचा हिशोब उलटा होता. वजन कमी करा, मग छोटं इंजिनसुद्धा पुरतं. हे सूत्र त्याने जन्मभर सोडलं नाही. म्हणजे अगदीच सोडलं नाही असं नाही, पण ते पुढे येईल.

१९०९ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि स्ट्रासबुर्गजवळच्या मोल्सहाइम गावात एक बंद पडलेला रंगाचा कारखाना भाड्याने घेतला. तिथेच कापड रंगवायच्या जागी मोटारी तयार होऊ लागल्या. १९११ च्या फ्रान्सच्या शर्यतीत त्याची चिमुकली गाडी अजस्र इंजिनांच्या गाड्यांमध्ये दुसरी आली. चालवणारा होता त्याचा भरवशाचा मेकॅनिक एर्नेस्ट फ्रिडरिश. लोक आधी हसले असतील, मग गप्प बसले.

मग पहिलं महायुद्ध आलं. एटोरे कुटुंबाला घेऊन बाहेर पडला, पॅरिसमध्ये विमानांची इंजिनं बनवू लागला. याच काळात, जानेवारी १९१६ मध्ये, त्याचा भाऊ रेम्ब्रांट याने पॅरिसमध्ये आत्महत्या केली. वय एकतीस. युद्ध संपलं, अल्सास फ्रान्सकडे गेला, आणि मोल्सहाइमचा कारखाना जागचा न हलता जर्मनीतून फ्रान्समध्ये आला. १९२१ मध्ये इटलीतल्या ब्रेशिया गावच्या शर्यतीत पहिले चारही नंबर बुगाटीचे आले. तेव्हापासून त्या छोट्या गाडीचं नावच ब्रेशिया पडलं.

आता आपण चाकाकडे येतो. १९२४ मध्ये बुगाटीने टाइप ३५ नावाची शर्यतीची गाडी काढली. दोन लिटरचं, एका ओळीत आठ सिलिंडरचं इंजिन. गाडीचं वजन साधारण साडेसातशे किलो, म्हणजे आपल्या पद्मिनीपेक्षाही कमी. पुढचा ॲक्सल आतून पोकळ होता. आणि चाकं अॅल्युमिनियमची, ओतीव, आठ रुंद चपट्या आऱ्यांची.

त्या वेळी शर्यतीच्या गाड्यांना तारांची चाकं असायची, मोठ्या सायकलसारखी. अॅल्युमिनियमची ओतीव चाकं लावून गाडी विकणाऱ्यांमध्ये बुगाटी अगदी पहिल्या काहींपैकी होता. पण नुसतं चाक अॅल्युमिनियमचं केलं एवढंच त्याने केलं नाही. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली ती इथे. त्याने चाक आणि ब्रेकचा ड्रम एकच केला. चाक ओढून काढलं की ड्रम त्याच्याबरोबर बाहेर येतो आणि ब्रेकचे शूज डोळ्यांसमोर उघडे. शर्यतीत टायर बदलायला गाडी थांबली की मेकॅनिकला ब्रेक किती झिजले ते तिथल्या तिथे दिसायचं. अॅल्युमिनियम उष्णता पटकन वाहून नेतं, त्यामुळे ब्रेकची उष्णता आख्ख्या चाकात पसरून हवेत जायची. चपट्या आऱ्या फिरताना ब्रेकवर वारा घालायच्या. आणि चाक हलकं म्हणजे स्प्रिंगच्या खालचं वजन कमी, म्हणजे खड्ड्यावरून गेलं तरी चाक रस्त्याला धरून राहतं. डायनॅमिक्सच्या सरांनी हे फळ्यावर दोनदा शिकवलं होतं. मला ते कळलं बुगाटीच्या फोटोवरून.

थोडक्यात काय, त्याच्यासाठी चाक हा दागिना नव्हता. चाक, ब्रेक, स्प्रिंग, टायर हे सगळं मिळून एक यंत्र होतं.

तरीसुद्धा पहिल्याच परीक्षेत तो नापास झाला.

३ ऑगस्ट १९२४, फ्रान्समधल्या लियाँ शहराजवळची ग्रां प्री शर्यत. साधारण २३ किलोमीटरचा एक फेरा, असे ३५ फेरे. बुगाटीने पाच नव्याकोऱ्या टाइप ३५ उतरवल्या. गाड्या इतक्या देखण्या होत्या की सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. शर्यत सुरू झाली आणि टायर फाटायला लागले. या चाकांसाठी टायर खास बनवून घेतले होते, पण त्यांचं रबर नीट पक्कं झालेलं नव्हतं. वेगात वरचा थर सोलून उडत होता. गाड्या पुन्हा पुन्हा थांबत होत्या. पाचातल्या दोनच शेवटपर्यंत पोचल्या, शासान्य सातवा आणि फ्रिडरिश आठवा. जिंकला काम्पारी, अल्फा रोमिओ घेऊन.

विचार करा. इंजिन उत्तम, चाक नवीन आणि उत्तम, आणि हरला कशाने तर चाकावर चढवलेल्या रबराने. दुसरा कुणी असता तर त्याने घाबरून परत तारांची चाकं लावली असती. बुगाटीने चूक कुठे आहे ते ओळखलं. अॅल्युमिनियमचं चाक सोडलं नाही, टायर बदलला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्पेनमधल्या सॅन सेबॅस्टियनच्या शर्यतीत कोस्तान्तिनी त्याच गाडीवर दुसरा आला. मग १९२५ ते १९२९ सलग पाच वर्षं सिसिलीची तार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीने जिंकली. ही शर्यत म्हणजे डोंगरातले खड्ड्यांचे, वळणांचे रस्ते. आपला वरंधा घाट डोळ्यांसमोर आणा, तसलं काहीतरी, तासन् तास. तिथे पाच वर्षं ती चाकं टिकली. १९२६ मध्ये जगज्जेतेपद मिळालं. टाइप ३५ आणि तिच्या बहिणींनी मिळून हजाराहून जास्त शर्यती जिंकल्या असं मानतात.

आमच्या वर्गात मुली चारच आहोत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. १९२८ च्या तार्गा फ्लोरिओत एलिश्का युन्कोव्हा नावाची झेक बाई टाइप ३५ वर उतरली होती. एका फेरीत ती सगळ्यांच्या पुढे होती आणि शेवटी पाचवी आली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिचा नवरा जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीत बुगाटी चालवताना गेला. त्यानंतर तिने शर्यती सोडल्या. पोस्टरवर हे काही नसतं.

नापास झालेला बुगाटी पास झाला म्हणून तो देव झाला असं मात्र समजू नका. तो भयंकर हट्टी होता. बाकीच्यांनी हायड्रॉलिक ब्रेक कधीच घेतले तरी हा तारेने ओढायचे ब्रेक धरून बसला, १९३८ पर्यंत. आणि हलकेपणाचं सूत्र सोडून त्याने राजेमहाराजांसाठी रॉयल नावाची एक अवाढव्य मोटार काढली. इंजिन १२.७ लिटरचं. पंचवीस बनवायच्या होत्या. जगात मंदी आली. बनल्या सहा, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या फक्त तीन. पण इथेही त्याने तेच केलं, जे चुकलं नव्हतं ते टाकून दिलं नाही. गाडी खपत नव्हती, इंजिन चांगलं होतं. त्याने ती इंजिनं रेल्वेच्या डब्यात बसवली. १९३३ पासून फ्रान्समध्ये बुगाटीचे रेल्वेडबे धावायला लागले आणि १९३४ मध्ये त्यातल्या एकाने ताशी १९६ किलोमीटरचा विक्रम केला.

शेवटची वर्षं वाचताना मात्र मन खट्टू होतं. १९३६ मध्ये कारखान्यात संप झाला. कामगारांना आपण घरच्यासारखं वागवतो अशी त्याची समजूत होती. त्याला ते फार लागलं आणि तो बराचसा पॅरिसलाच राहू लागला. कारखाना मुलगा जाँ बघायचा. जाँ बापासारखाच हुशार, टाइप ५७ ही देखणी गाडी त्याचीच. त्याने स्वतः शर्यतीत उतरायचं नाही अशी बापाची सक्त ताकीद होती. पण गाडी तपासून बघायला कोण अडवणार? ११ ऑगस्ट १९३९ च्या रात्री, त्याच वर्षी ल मान्सची शर्यत जिंकलेली गाडी तो मोल्सहाइमजवळच्या रस्त्यावर वेगात चालवून बघत होता. रस्ता बंद ठेवला होता, तरी एक सायकलवाला मध्ये आला. त्याला वाचवताना गाडी झाडावर गेली. जाँ तीस वर्षांचा होता.

तीन आठवड्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. जर्मनांनी अल्सास घेतला आणि कारखाना बळजबरीने विकायला लावला. १९४४ मध्ये बायको बार्बरा गेली. युद्ध संपलं तर फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून कारखाना ताब्यात घेतला. तो कोर्टात भांडला. १९४७ च्या उन्हाळ्यात कारखाना परत देण्याचा निकाल लागला, तेव्हा तो इतका आजारी होता की त्याचा त्याला काही उपयोग नव्हता. २१ ऑगस्ट १९४७ ला तो गेला. मोल्सहाइमच्या शेजारच्या दोर्लिसहाइम गावात मुलाच्या जवळच त्याला पुरलंय.

हे सगळं वाचून झाल्यावर मी दिवाळीच्या सुट्टीत वाईला गेले आणि मामाला म्हटलं, आपण चाकं पुन्हा काढू या. या वेळी पाना हातात घ्यायच्या आधी वही घेतली. आम्ही काय काय चुकलो होतो ते लिहिते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी जुनी फियाट, अॅम्बेसेडर नाहीतर जीप असेल आणि कधीतरी तुम्हालाही मोह होईल.

पहिली चूक रंगाची, आणि ती पूर्ण माझी. चाक हबवर टिकतं ते नटांवर लटकून नाही. नट आवळले की चाकाची पाठ हबवर दाबली जाते आणि त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं ते चाकाला धरतं. मी पाठीमागेही रंगाचे तीन थर मारले होते. गाडी चालली, रंग गरम झाला, दबला, झिजला. थर पातळ झाला म्हणजे नटांचा ताण गेला. ताण गेला की चाक हलायला लागतं आणि हलणारं चाक नटांना स्वतःच सोडवतं. पाठ आणि नट बसायची जागा कोरी, स्वच्छ धातूची पाहिजे. हे फर्स्ट इयरलाच शिकवतात. मी परीक्षेत लिहिलंही होतं.

दुसरी चूक नटांची. पत्र्याच्या चाकाचे नट अॅलॉयला चालतीलच असं नाही. नटाचा उतार आणि चाकाच्या भोकाचा उतार एकच पाहिजे. एक शंकूसारखा आणि दुसरा गोलसर असेल तर नट फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. शिवाय पत्र्याचं चाक पातळ, अॅलॉयचं जाड. जाडी वाढली की तेवढे आटे कमी धरले जातात. मोजायची सोपी रीत अशी की नट घट्ट होईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजा. बोल्टचा व्यास जेवढा, निदान तेवढ्या लांबीचे आटे धरले गेलेच पाहिजेत. आमच्याकडे निम्मेच धरत होते.

तिसरी, भोकं जुळली म्हणजे चाक बसलं असं नाही. भोकांच्या वर्तुळाचा व्यास नेमका जुळायला हवा, एखाद्या मिलिमीटरचा फरकही चालत नाही. मधलं मोठं भोक हबच्या उंचवट्यावर नीट बसायला हवं. ते मोठं असेल तर मापाची रिंग करून घ्या. चाक किती आत किंवा बाहेर बसतं तेही बघायचं. फार बाहेर गेलं तर बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर जास्त भार येतो, आणि जुन्या गाडीचे हे भाग आधीच म्हातारे असतात. आत गेलं तर ब्रेकला किंवा पत्र्याला घासतं. म्हणून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, मागे माणसं बसवून बघा. शर्यतीतल्या मेकॅनिकसारखं चाकामागे डोकावून बघा.

चौथी, जुनं अॅलॉय चाक विकत घेताना रंगाखाली काय आहे ते माहीत नसतं. पोलादावर एका मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी ते सहसा टिकतं. अॅल्युमिनियमला अशी खात्रीची मर्यादा नाही, लहान लहान धक्के साठत जातात आणि एक दिवस तडा जातो. म्हणूनच टाइप ३५ पळवणारे आजचे मालक कितीतरी वेळा नव्याने ओतलेली चाकं लावतात आणि शंभर वर्षांची मूळ चाकं जपून ठेवतात. आमची चार चाकं मी रंग काढून कॉलेजच्या लॅबमध्ये आणली. लॅबच्या सरांनी लाल डाय लावून तपासायला मदत केली. तीन साफ निघाली. चौथ्यात एका नटाच्या भोकापासून आरीकडे केसाएवढी लाल रेघ उमटली. घाटातलं चाक तेच होतं.

ते चाक आता माझ्या होस्टेलच्या टेबलाखाली आहे. मोडीत द्यायचं नाही असं मी मामाला सांगितलंय, कारण मोडीतून ते पुन्हा कुणाच्या तरी गाडीवर जाईल.

गाडीला आम्ही कंपनीची जुनी पत्र्याची चाकं परत लावली. मॅग व्हील्स लावूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पुढे पैसे जमले की नवीन, मापाची, वजनाचा आकडा कोरलेली चाकं घेऊ, त्यांचेच नट घेऊ आणि डिकीत स्टेपनीसाठी जुने नट वेगळे बांधून ठेवू, कारण स्टेपनी पत्र्याचीच राहणार. तोपर्यंत पत्रा बरा. चाकं लावताना मी टॉर्क रेंच वापरला, नट समोरासमोरचे घेत आवळले आणि साठ किलोमीटर फिरून आल्यावर पुन्हा तपासले. दोन नट जरासे फिरले. मे महिन्यात एवढं एकच केलं असतं तरी घाट सुखाचा गेला असता.

बुगाटीची चूक आणि माझी चूक एका तागडीत टाकायचा माझा इरादा नाही. त्याच्या चाकावर जग जिंकलं गेलं, माझं टेबलाखाली आहे. पण लियाँला त्याला जे भोगावं लागलं तेच मला खंबाटकीला थोडक्यात कळलं. आपण एक सुंदर वस्तू बनवतो किंवा आणतो आणि तिच्या शेजारच्या वस्तूकडे बघत नाही. टायर, नट, रंगाचा थर, रस्त्यावरचा सायकलवाला. चाक कधीच एकटं फिरत नाही.

दिवाळीला आजीला त्या गाडीतून मेणवलीच्या घाटावर नेलं. निघण्यापूर्वी मामाने परत विचारलं, नीट आवळलेस ना? मी हो म्हटलं नाही. रेंच त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, तूच बघ.